चढावरच्या त्या काकांना, ज्यांची पाच नंबरची ॲलन की माझ्याकडे राहिली

काका, नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कुणा सायकलवाल्याने वाचून तुम्हाला दाखवलं तर बरं. ओळख पटावी म्हणून सांगते, चढ संपायच्या आधीच्या वळणावर एक मुलगी सायकल आडवी टाकून गुडघा चोळत बसली होती आणि तुम्ही पुढे गेला होतात ते परत फिरून आलात, ती मी. मला वाटलं पाणी हवंय का विचाराल, तर तुम्ही म्हणालात, "सायकल भावाची आणलीस का गं?"

राग आला होता, खरं सांगते. माझ्या पैशांची सायकल, आणि नीट चौकशी करून घेतलेली. म्हणजे मला तेव्हा तसं वाटत होतं. दुकानात उंची विचारली, मी १७० म्हटलं, त्यांनी तक्त्यावर बोट फिरवून ५४ ची फ्रेम काढली, मी दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिले, खाली जागा उरतेय, झालं, साइज बसली. आता कळतं की दांडी मागे उतरती असली की जागा उरतेच. १९९० च्या दशकात सायकल डिझायनर माइक बरोजने जायंट कंपनीसाठी ती उतरत्या दांडीची रेसिंग फ्रेम केली आणि मग सगळ्यांनीच उचलली, त्यामुळे जुन्या आडव्या दांडीच्या सायकलींसाठी जी चाचणी ठीक होती ती आता फारसं काही सांगतच नाही, पण दुकानात अजून तीच चालते.

तुम्हाला कसं कळलं ते मी नंतर कितीजणांना सांगितलंय. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत, हँडलकडे बघितलंत. पांढरी टेप होती, ती मधे स्टेमजवळ, म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणाऱ्या तुकड्याजवळ, मळून काळी झालेली आणि ब्रेकच्या हुडवरचं, म्हणजे ब्रेकच्या वरच्या मुठीवरचं रबर मात्र नवं कोरं, जिथे हात सगळ्यात जास्त असायला हवेत तिथे माझा हात कधी गेलाच नव्हता. मग सीटखाली बघितलंत, सीट रेल्सवर पुढे जाईल तेवढी पुढे सरकवलेली. "हँडल तुला लांब पडतंय, म्हणून तूच पुढे पुढे सरकतेयस" एवढंच म्हणालात. आणि मी आठ महिने समजत होते की माझी पाठच कमजोर आहे, व्यायाम कमी पडतोय! करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या त्याचंही मूळ तिथेच निघालं, हात ताठ, कोपर लॉक, वरच्या अंगाचा सगळा भार तळव्यावर आणि तिथूनच त्या दोन बोटांची नस जाते.

गुडघ्याचं दुखणं वेगळं होतं, ते तुम्ही पाच मिनिटांत दाखवलंत. मला सीटवर बसवून सायकल धरलीत, पायडल अगदी खाली आणि त्यावर चवडा नाही, टाच ठेवायला सांगितलीत. टाचेवर पाय सरळ व्हायला हवा, माझा गुडघा तरीही चांगलाच वाकलेला. टाचेवर सरळ झाला की चवडा ठेवल्यावर गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक आपोआप येतो, असं म्हणालात. आणि सीट खाली असली की दुखणं वाटीच्या पुढे, फार वर असली की गुडघ्याच्या मागे आणि बसल्या बसल्या खुबे डोलायला लागतात. माझं पुढेच दुखत होतं.

मग तो पायाच्या मापाचा, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतच्या लांबीचा किस्सा. तुम्ही विचारलंत, मी तोऱ्यात सांगितलं ७६. "कशावरून काढलंस?" पँटवरून! तुमचं हसणं आठवलं की अजून लाज वाटते. घरी येऊन सांगितलंत तसं केलं, अनवाणी, भिंतीला पाठ, पायांमध्ये जाड पुठ्ठ्याचं पुस्तक सरळ धरून सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर ओढलं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजलं. ८२ आले. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच. ते ०.८८३ ने गुणायचं, म्हणजे टूर द फ्रान्स तीनदा जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखतात ते गणित, उत्तर म्हणजे क्रँकच्या (पायडल ज्या दांड्यावर असतं तो) मधल्या बिंदूपासून, जिथे तो फिरतो, सीटच्या वरपर्यंतचं अंतर. ७६ ने येतात ६७, ८२ ने येतात ७२.४. पाच सेंटीमीटर खाली बसून मी चढ चढत होते काका!

बरं झालं तुम्ही तिथेच दोनच सेंटीमीटर वर घेतलंत आणि बाकीचं आठवडाभरात थोडं थोडं घ्यायला लावलंत, एकदम घेतलं असतं तर मी घाबरून परत खाली आणलं असतं. आधी सीटपोस्टला काळ्या इन्सुलेशन टेपची पट्टी लावलीत जुन्या उंचीची खूण म्हणून, "नाहीच जमलं तर इथे परत ये". जमलं. दोन आठवड्यांत गुडघा गप्प.

पण हँडल आणखी लांब गेलं, आणि हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, सीटची नळी मागे कललेली असते त्यामुळे सीट जेवढी वर तेवढी थोडी मागेही जाते. मी एकीकडे फ्रेमच्या साइजचं सूत्रही लावून बघितलं, रोड बाइकला पायाचं माप गुणिले ०.६७, तर उत्तर ५५! म्हणजे सूत्राप्रमाणे माझी सायकल लहानच निघत होती. तेव्हा तुमचं बोलणं नीट डोक्यात शिरलं की "पाय लांब, धड आखूड. पायापुरती सीट वर करता येते, धड कुठून लांबवणार? बाईमाणूस-पुरुषमाणूस काही नसतं यात, हाडं मोजायची." सीट पुढे सरकवून हँडल जवळ करायचं नाही हेही तुम्हीच सांगितलं, त्याने गुडघा पायडलच्या पुढे जातो आणि एक दुखणं घालवायला दुसरं येतं.

मग मी ५४, ५२, मीडियम, स्मॉल हे बघणंच सोडून दिलं, एका कंपनीचं ५४ दुसरीच्या ५४ शी जुळेलच असं नाही. स्टॅक आणि रीच बघायला लागले, क्रँकच्या मध्यापासून पुढच्या नळीचं टोक किती वर आणि किती पुढे, बस. जुनीचा रीच ३८४ मिलीमीटर, स्टॅक ५४४. नुसती तशीच रेसिंगची लहान फ्रेम घेतली असती तर रीच कमी झाला असता पण हँडल अजून खाली गेलं असतं, आणि माझी सीट तर एवढी वर, वाकून वाकून मान गेली असती. म्हणून एंड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्यासाठी हँडल जरा उंच असलेली ५२ शोधली, रीच ३७१ आणि स्टॅक ५६०. स्टेम ११० चा होता, आता ९० चा. सगळं मिळून हँडल तीन सेंटीमीटरच्या थोडं जास्त जवळ आलं. ऐकायला काहीच नाही, पण परवा घरी आल्यावर बघितलं तर हुडवरचं रबर मळलंय, आणि कुणाला सायकल मळल्याचा इतका आनंद झाला नसेल.

जुनी सायकल माझ्या मावसभावाने घेतली. त्याचीही उंची १७०, बरोब्बर माझ्याएवढी, पण पायाचं माप ७७ आणि धड लांब, त्याला ती ५४ अशी बसलीय की जणू मापून शिवलेली. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य खरंच निघालं की हो, भावाचीच होती ती! त्याची सीट ६८ वर आली, तुम्ही लावलेली काळी टेप अजून तिथेच आहे, सीट तिच्या जेमतेम बोटभर वर.

एक तक्रारही आहे पण. लहान फ्रेमवर हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला घासू शकतं हे तुम्ही सांगितलं होतंत, मी विसरले आणि पहिल्याच दिवशी यू-टर्न घेताना आपटले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. वेगात वळताना हँडल तेवढं फिरतच नाही त्यामुळे घासत नाही, आता हळू वळताना आतल्या बाजूचा पायडल वर ठेवते.

आणि काका, तुमची पाच नंबरची ॲलन की. सीट घट्ट करून तुम्ही माझ्या हातात दिलीत, मी बोलता बोलता खिशात टाकली आणि तुम्ही उतारावर निघूनही गेलात. सीटखालच्या पिशवीत ठेवलीय. दर रविवारी सकाळी त्या वळणावर दहा मिनिटं थांबते.