ताकदीचा तक्ता काढून टाका, टायमिंग बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

क्रीडा पानावर हल्ली खेळातल्या सेन्सरबद्दल बरंच छापून येतं, बॅटच्या मुठीला चिकटवलेला सेन्सर, धावपटूंचे बूट, फुटबॉलवाल्यांच्या पाठीवरचं जीपीएस वगैरे. पण जिथे दहा-वीस माणसं एकाच बोटीत बसून एकाच वेळी पाण्यात पॅडल घालतात त्या खेळात हे सेन्सर काय करतायत यावर कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी ड्रॅगन बोटमध्ये पॅडलिंग करते, मागच्या रांगांमध्ये बसते, आणि सेन्सर आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण बऱ्याच ठिकाणी त्यांचा वापर भलत्याच गोष्टीसाठी होतोय आणि त्याने बोट हळू होतेय, टीम फुटतेय. कोण किती जोर लावतो हे मोजलं जातंय आणि तो जोर नेमका कधी लागतो हे कोणी बघतच नाहीये.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठी ड्रॅगन बोट साधारण साडेबारा मीटर लांब असते, दहा रांगा, प्रत्येक रांगेत दोघं, म्हणजे वीस पॅडलर, पुढच्या टोकाला आमच्याकडे तोंड करून बसलेला ड्रमर आणि मागे सुकाणू धरून उभा असलेला एक जण. रेसमध्ये मिनिटाला ७०-८० स्ट्रोक पडतात, म्हणजे एक स्ट्रोक पाऊण सेकंदापेक्षा किंचित मोठा, आणि त्यातलंही पॅडल पाण्यात असतं ते अर्ध्या सेकंदाहून कमीच. एवढ्याशा वेळात कोणी ४० मिलिसेकंद उशिरा पाणी पकडलं तर त्याच्या ओढीचा साधारण दहावा हिस्सा बाकीच्यांशी जुळतच नाही. ४० मिलिसेकंद डोळ्याला दिसत नाहीत हो, साध्या व्हिडिओची एक फ्रेमच ३३ मिलिसेकंदांची असते.

आणि असल्या फरकावर मेडल जातात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या चौघांच्या कयाकची ५०० मीटरची फायनल जर्मनीने १:१९.८० मध्ये जिंकली आणि ऑस्ट्रेलिया १:१९.८४ मध्ये दुसरी आली. त्या वेगाने हिशोब केला तर हे अंतर २५ सेंटीमीटरच्या आसपास येतं, आणि ती बोट ११ मीटर लांब असते.

आता टायमिंगला एवढं महत्त्व का, तर कारण पाण्यात आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो आणि त्या विरोधाला पुरून उरायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. त्यामुळे बोट एकसारख्या वेगाने जाणं स्वस्त पडतं आणि झटके खात जाणं महाग. कागदावर करून बघा: एक बोट सतत सेकंदाला ४ मीटरने चाललीय, दुसरी निम्मा वेळ साडेतीनने आणि निम्मा वेळ साडेचारने. दोघींचा सरासरी वेग तोच, पण दुसरीला जवळपास ५ टक्के जास्त पॉवर लागते, आणि ती कोणाच्या तरी खांद्यातून आणि फुफ्फुसातूनच येते ना. वीस जणांची पॅडल विस्कळीत पडली, काही अजून पाण्यात आणि काही बाहेर, तर ज्यांची पाण्यात अडकून राहिली ती ब्रेकसारखी लागतात. बोटीच्या मधोमध घट्ट बांधलेला साधा ॲक्सिलरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारा सेन्सर, हे स्पष्ट दाखवतो. चांगल्या क्रूचा ग्राफ प्रत्येक स्ट्रोकला एकच गुळगुळीत उंचवटा काढतो, विस्कळीत क्रूच्या ग्राफला दोन-दोन शिंगं फुटतात आणि कॅचच्या (पात्याने पाणी पकडण्याच्या क्षणाच्या) आधी खोल खड्डा पडतो.

मागच्या रांगांचं दुखणं तर वेगळंच आहे आणि ते माझ्या जवळचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुढच्यांनी ढवळलेलं पाणी आमच्यापर्यंत येतं तेव्हा ते आधीच मागे सरकत असतं, त्यामुळे तेवढ्याच हाताच्या वेगाने ओढलं तर पॅडलला काही लागतच नाही, पाणी हलकं वाटतं, म्हणून आम्हाला कॅच जास्त चपळ घ्यावा लागतो. त्यात मागचे लोक समोरच्याची पाठ बघून पॅडल टाकतात, समोरचा त्याच्या समोरच्याची बघतो, असं करत उशीर रांगेगणिक वाढत जातो आणि बोट बाजूने पाहिली तर सुरवंट चालल्यासारखी दिसते. ड्रमचा आवाज ऐकून मारा म्हणणारे कोच खूप भेटतात, पण आवाजालाही वेळ लागतो की! ड्रमपासून शेवटची रांग साधारण १० मीटरवर असेल तर आवाज पोचायला जवळजवळ ३० मिलिसेकंद जातात. म्हणून मागच्यांनी ऐकण्यापेक्षा सगळ्यात पुढच्या जोडीच्या हातांकडे तिरपं बघायचं, हे जुने कोच सांगायचेच, सेन्सरमुळे ते आता आकड्यात दिसतं.

म्हणूनच हे मोजणं मला मोलाचं वाटतं. पॅडलच्या दांड्यावर स्ट्रेन गेज लावले की दांडा किती वाकला त्यावरून जोर कळतो, बाजूला बसवलेल्या चिमुकल्या चिपमधला ॲक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप पॅडलचा कोन आणि हालचाल सांगतो, बोटीवरचं जीपीएस वेग सांगतं. सेकंदाला शंभर वेळा नोंद झाली तर १० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक दिसतो. (मनगटातली बरीच घड्याळं सेकंदाला एकदाच जीपीएसची नोंद करतात, त्यात स्ट्रोकच्या आतलं काहीच सापडत नाही, ती घड्याळं दाखवून टेक्निक शिकवू नये कोणी.)

पण यात एक मेख आहे आणि ती न बघता लोक निष्कर्ष काढतात. प्रत्येक सेन्सरला स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत बरोबर चालत नाहीत. दोघांत दहा लाखात २० भागांचा फरक असला, जो घड्याळ चालवणाऱ्या साध्या क्रिस्टलमध्ये सहज असतो, तरी तासाभरात ते ७२ मिलिसेकंदांनी फाकतात. म्हणजे सेशनच्या शेवटी सातव्या रांगेतला पॅडलर ७० मिलिसेकंद उशिरा येतोय असं जे कॉम्प्युटर सांगतोय तो अख्खा उशीर त्या चिपचा असू शकतो आणि बोलणी मात्र माणूस खातो. वायरलेसने सतत घड्याळं जुळवत राहू म्हणावं तर पॅडल पाण्यात गेलं की ब्लूटूथचा सिग्नल पाणी गिळून टाकतं. त्यामुळे नोंद सेन्सरमध्येच साठवायची आणि सुरुवातीला नि शेवटी सगळे सेन्सर एकत्र धरून एकदाच टक्कन आपटायचे, तो ठोका सगळ्यांच्या ग्राफमध्ये उमटतो आणि त्यावरून घड्याळं जुळवता येतात. जुनाच उपाय आहे, खर्च शून्य, पण घाईत हेच टाळलं जातं. तसंच पॅडल उन्हात तापलेलं असतं आणि गार पाण्यात गेलं की गेजचा शून्य सरकू शकतो, म्हणून ते आधी पाण्यात बुडवून ठेवून मग शून्य सेट करायचा.

आता मूळ तक्रारीवर येते. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, दर सरावानंतर सगळ्यांच्या कमाल जोराचा तक्ता ग्रुपवर टाकायला सुरुवात झाली, वरून खाली नंबर लावून. काय झालं असेल ते कोणीही ओळखेल. प्रत्येक जण आपला आकडा वर न्यायला पॅडल हिसकायला लागला, पुढे पोच घेणं कमी झालं, कंबरेतून वळणं बंद आणि सगळं दंडावर. आकडे वाढले आणि बोट डुलायला लागली. कहर म्हणजे तो आकडा टेक्निकबद्दल धड काही सांगतही नाही. गेजला फक्त दांड्याचं वाकणं कळतं, दिशा कळत नाही. पॅडल मांडीच्या मागे जाऊन ३० अंश कललं की पात्यावरच्या जोराच्या निम्म्याइतका भाग पाणी वर उचलण्यात आणि पर्यायाने बोट खाली दाबण्यात जातो, पण गेजच्या आकड्यात तो पूर्ण मोजला जातो. जो पॅडल वेळेवर बाहेर काढतो तो तक्त्यात खाली आणि जो पाणी उपसत बसतो तो वर! जायरोस्कोपचा कोन त्या जोराबरोबर जोडून बघितला असता तर हे लगेच दिसलं असतं, ती सोय त्या उपकरणात होती, कोणी उघडून बघितली नाही.

याउलट नीट वापरलं तर काय होतं तेही मी पाहिलंय. आमच्यातल्या एका मुलीचा ग्राफ कोचने तिला एकटीला बाजूला घेऊन फोनवर दाखवला. तिचा जोर भरपूर होता पण शिखर स्ट्रोकच्या मध्याच्याही पुढे येत होतं, पात्याने पाणी पकडल्यावर सुरुवातीचा तुकडा जवळजवळ सपाट, म्हणजे पातं पूर्ण बुडायच्या आतच ती ओढायला लागायची आणि अर्धं पातं हवा मिसळलेल्या पाण्यातून घसरायचं. कोचने एवढंच सांगितलं की वरचा हात खाली दाब, पातं त्याच्या गळ्यापर्यंत, म्हणजे दांडा सुरू होतो तिथपर्यंत, बुडू दे, मग ओढ. दुसरं काही नाही, त्या दिवशी फक्त तेवढंच. पुढच्या फेऱ्यांमध्ये तिचा कमाल जोर वाढलाच नाही, उलट थोडा उतरला, पण शिखर अलीकडे आलं आणि बाकीच्यांच्या शिखरांवर जाऊन बसलं. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद सांगते मी तुम्हाला, कारण इतके दिवस तिला नुसतं "जोर लाव" ऐकायला मिळत होतं.

एकावेळी एकच गोष्ट, हे फार महत्त्वाचं आहे. आणि बोट चालू असताना कानात "तू लेट आहेस" असं सांगणारी यंत्रं निघाली तर ती मला पटणार नाहीत, कारण आवाज ऐकून हालचाल करायला माणसाला साधारण १५० मिलिसेकंद लागतात, तोवर स्ट्रोकचा मोठा भाग निघून गेलेला असतो. एकत्र पॅडल पडतं ते प्रतिक्रियेने नाही, पुढचा ठोका कधी येणार याच्या अंदाजाने पडतं. म्हणून चालू बोटीत काही द्यायचंच असेल तर लय द्या. जर्मनीत रोइंगच्या टीमसोबत बोटीच्या प्रवेगाचं आवाजात रूपांतर करून ऐकवण्याचे प्रयोग झालेत, बोट अडखळली की आवाज बदलतो, कोणाचं नाव नाही घेतलं जात, आणि सगळी टीम मिळून तो आवाज सुधारायला बघते. मला ही कल्पना फार आवडते.

ज्या टीमकडे सेन्सर नाहीत त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. स्मार्टफोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतोच, तो वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून बोटीच्या मध्यावर पक्का बांधा (सैल बांधला तर पाऊचचीच थरथर नोंदली जाईल) आणि दुसऱ्या फोनने काठावरून स्लो मोशनमध्ये बाजूने शूट करा. सेकंदाला २४० फ्रेम घेतल्या तर एक फ्रेम ४ मिलिसेकंदांची पडते, त्यात कुठल्या रांगेपासून उशीर सुरू होतो ते नेमकं दाखवता येतं. आऊटरिगर कनूवाले (बाजूला आधाराचा तरंगता दांडा जोडलेली अरुंद होडी) सहा जण दर १२-१५ स्ट्रोकला बाजू बदलतात, तिथे वेग कुठे पडतो तेही असंच सापडेल.

कोच आणि क्लब चालवणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. जोराचा तक्ता भिंतीवरून आणि ग्रुपवरून काढून टाका. सगळ्यांसमोर दाखवायचाच असेल तर बोटीचा ग्राफ दाखवा, तो सगळ्यांचा आहे. एकेकट्याचा ग्राफ आधी त्याच्या हातात द्या, समजावून द्या, क्लब सोडताना तो त्याला सोबत नेता आला पाहिजे. आणि सिलेक्शनसाठी हे आकडे वापरणार असाल तर ते सेन्सर लावायच्या आधी सांगा, टीम जाहीर झाल्यावर नको.

आपली नम्र,
एक पॅडलर