शिकारीचा बाण: सईला पत्र

मॅडिसन, विस्कॉन्सिन
२४ ऑगस्ट २०२५

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, तुमचे बाण एवढे जड कशाला?" आणि मी तोंड उघडणार तोच वहिनींनी फोन घेतला. मग विषय गणपतीच्या तिकिटांवर गेला तो गेलाच. म्हणून आता सविस्तर लिहितो. दादाला वाचून दाखव. आजीला दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

तुझा बाण पन्नास मीटरवरच्या कागदात घुसला की त्याचं काम झालं. गुण मिळाले, बाण उपटला, पुढचा लावला. शिकारीच्या बाणाला लागल्यानंतर खरं काम असतं. त्याला कातडं, बरगड्या आणि दोन्ही फुफ्फुसं कापून पलीकडे निघायचं असतं, तेही असं की जनावर काही सेकंदांत खाली बसावं. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का बाण देत नाही. तो मारतो तो फक्त रक्तस्रावाने. बाकी सगळी निवड या एका गोष्टीवरून ठरते.

वजनाचं आधी. इथे बाण ग्रेनमध्ये तोलतात, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. माझं धनुष्य ओढायला ६० पौंडांचं बळ लागतं, म्हणजे तुमच्या स्पर्धेत जी कमाल मर्यादा आहे तेवढंच. माझा बाण टोकासकट ४७० ग्रेनच्या आसपास भरतो. कंपाउंडवर, म्हणजे आपल्या कप्प्यांच्या धनुष्यावर, पौंडामागे ५ ग्रेनपेक्षा हलका बाण लावू नये असं बहुतेक कंपन्या बजावतात, नाहीतर धनुष्याच्याच वाकणाऱ्या बाहूंना धोका. त्या हिशेबाने ३०० ग्रेनचा बाणही चालला असता आणि सुसाट गेला असता. पण हलका बाण हाडाला अडखळला की तिथेच दम सोडतो, जड बाण रेटत जातो. शिवाय जड बाणाने धनुष्याचा आवाज कमी होतो, आणि हे फार महत्त्वाचं आहे. वीस यार्डांवर माझ्या बाणाला पोचायला पाव सेकंदाच्या जरा आत वेळ लागतो. दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी हरणाच्या कानात असतो. बिचकलेलं हरिण पळण्यासाठी आधी पुढचे पाय दुमडून खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच जागी लागतो. वेग वाढवून आवाजाला कोणी गाठू शकत नाही. त्यामुळे दुकानात बाणाच्या वेगाच्या फुशारक्या सुरू झाल्या की मी गप्प राहतो.

काही लोक दुसऱ्या टोकाला जातात. एड अ‍ॅशबी नावाच्या संशोधकाने आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर वर्षानुवर्षं बाण तपासले आणि जाड हाड फोडायचं तर ६५० ग्रेनच्या वर जा, असा निष्कर्ष काढला. रानरेड्यासाठी ठीक आहे. आमच्या इथल्या व्हाइटटेल हरणासाठी एवढा जड बाण घेतला तर तो लवकर खाली येतो आणि अंतराचा अंदाज दोन-तीन यार्डांनी चुकला तरी महागात पडतो.

स्पाइन, म्हणजे दांड्याचा ताठपणा, तुला शिकवलेलंच असेल: २८ इंचांवर दोन टेकू, मध्ये ८८० ग्रॅमचं वजन, दांडा ०.३४० इंच वाकला तर तो ३४०. आकडा लहान तेवढा दांडा ताठ. पण पुढे वजन वाढवलं की तोच दांडा सुटताना जास्त वाकतो, हे शिकारीच्या बाणात सतत ध्यानात ठेवावं लागतं. माझ्या धनुष्याला साध्या १०० ग्रेनच्या टोकाबरोबर ४०० चा दांडा पुरला असता. मी पुढे पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा दांड्यातला तुकडा) आणि टोकाला १२५ ग्रेनचं पातं लावतो, म्हणून ३४०. लांबी २८ इंच. तोल मध्यापासून जवळजवळ पंधरा टक्के पुढे जातो, त्यामुळे मागची पिसं बाणाला लवकर सरळ करतात. पिसं मी पांढरी आणि भडक गुलाबी लावतो. शोभेसाठी नव्हे. बाण कुठे लागला ते संध्याकाळच्या उजेडात दिसलं पाहिजे.

आता पात्यांबद्दल, म्हणजे ब्रॉडहेडबद्दल. याच्यावर इथे भाऊ भावाशी भांडतो. एक प्रकार स्थिर पात्यांचा, दोन किंवा तीन पाती कायम उघडी. दुसरा मेकॅनिकल: उडताना मिटलेली असतात, लागल्यावर उघडतात आणि दीड-दोन इंच रुंद जखम करतात. मेकॅनिकल सराव-टोकासारखंच सरळ उडतं, रक्ताचा मागही ठळक पडतो. पण उघडण्यात बाणाची ताकद खर्च होते आणि तिरपं लागलं तर दगा देऊ शकतं. सत्तर पौंड ओढणाऱ्याला ते परवडतं. माझ्या साठ पौंडांना मी तीन पात्यांचं स्थिरच घेतो. पन्नासच्या खाली असलेल्याने दोन पात्यांचं, टोकापासूनच कापत जाणारं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याला इथे एवढंच हवं: धनुष्य किमान ३० पौंडांचं, पातं किमान ७/८ इंच रुंद आणि नीट धार लावलेलं.

धारेला मी सगळ्यात जास्त जपतो. बोथट पातं रक्तवाहिनीला बाजूला ढकलतं नाहीतर चेचतं, आणि चेचलेल्या नसेतलं रक्त लवकर गोठतं. धारदार पात्याचा काप वाहत राहतो. ताणलेल्या रबरबँडवर पातं नुसतं टेकवायचं, तुटला नाही तर ते पातं बाद. सरावाला मारलेलं पातं रानात न्यायचंच नाही.

स्थिर पात्यांची एक कटकट मात्र आहे. बाणाच्या पुढे ती पंखांसारखी वागतात आणि धनुष्यातला बारीकसा दोषही उघडा पाडतात. म्हणून ऑगस्टभर माझा एकच उद्योग चालतो. तीस यार्डांवर एक बाण सराव-टोकाचा, एक पात्याचा. पात्याचा डावीकडे पडला तर रेस्ट, म्हणजे बाण टेकतो तो आधार, केसभर उजवीकडे, पुन्हा दोन बाण. दोन्ही एकाच जागी बसेपर्यंत हेच. त्याआधी प्रत्येक बाण टोकावर उभा करून भिंगरीसारखा फिरवायचा, टोक थरथरलं तर इन्सर्ट वाकडं बसलंय. दांडा कानाजवळ धरून वाकवायचा, कुरकुरला तर मोडून फेकायचा. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर तुकडे हातात घुसतात, हे तूही विसरू नकोस.

हे सगळं करून मी पंचवीस यार्डांपलीकडे बाण सोडत नाही. तू पन्नास मीटरवर दहा मारतेस, तुला हसू येईल. पण तुझं लक्ष्य पाऊल उचलत नाही. मचाणावर बसायचं आणि हरिण आडवं किंवा किंचित पाठमोरं होईपर्यंत थांबायचं. लागल्यावरही लगेच खाली उतरायचं नाही. बाणावर फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुफ्फुस, अर्धा तास थांबून निघायचं. काळपट असेल तर यकृत, चार-सहा तास. घाण वास आला तर कोथळा, आणि मग रात्रभर थांबायची शिक्षा भोगायची.

जनावर मारणं पाप नाही का, हा आजीचा प्रश्न मला टाळता येत नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. इथे लांडगा मुख्यतः राज्याच्या उत्तरेला आणि मध्यभागी आहे, आमच्या दक्षिणेत हरणं शेतं खातात, रस्त्यावर गाड्यांखाली मरतात, आणि किती मारायची ते सरकार दरवर्षी ठरवतं. धनुष्याचा हंगाम याच राज्यात १९३४ साली सुरू झाला, इथून तासाभरावरच्या सॉक आणि कोलंबिया या दोन काउंटींत. तरीही पाप की पुण्य याचा निकाल मी लावत नाही. खातो तेवढंच मारतो, एवढं तिला सांग.

सातारचं नाव इथल्या दुकानात आता माहीत आहे, मीच सांगून ठेवलंय! २०२३ ला बर्लिनमध्ये साताऱ्यात तयार झालेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंडचे जगज्जेते झाले तेव्हा दुकानदाराला अंतिम फेरी दाखवली होती. २०२८ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा आहे. दादाला आताच सांगून ठेव, तिकिटं मी काढतो.

तुझ्या बाणांची लांबी, स्पाइन आणि टोकाचं वजन लिहून पाठव. मागच्या वेळचा तुझा फोटो पाहून मला दांडा जरा मऊ वाटला, पण सरांना विचारल्याशिवाय काही बदलू नकोस.

तुझा,
काका

ता. क. वहिनींना म्हणावं, कांदा-लसूण मसाला संपलाय. हरणाच्या मटणाला दुसरं काही चालत नाही. आणि हो, मटण आधी तपासायला देतो. २००२ पासून इथल्या हरणांत मेंदूचा एक रोग सापडतोय, अहवाल आल्याशिवाय चुलीवर काही चढत नाही.