रक्तदान शिबिरं भर उन्हाळ्यातही घ्या

महोदय,

26 जानेवारी, 15 ऑगस्ट, जयंत्या, पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की आमच्याकडं रक्तदानाची शिबिरं भरतात. ती भरवणाऱ्या सगळ्यांची मी ऋणी आहे, कारण माझी अकरा वर्षांची लेक दुसऱ्यांच्या रक्तावर जगते. तिला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दर 21 दिवसांनी रक्त चढवावं लागतं, आणि ते मे महिन्यातही लागतं.

परभणीत माझं पिको-फॉल आणि ब्लाऊज शिवण्याचं छोटं दुकान आहे. तारखा कॅलेंडरवर लिहिलेल्या असतात, पण त्या बघायची गरज पडत नाही. सतरा-अठरा दिवस झाले की सकाळी वेणी घालताना लेकीच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या दिसायला लागतात. जिन्यात मधेच बसते. दप्तर भावाकडं देते. रक्त चढलं की दुसऱ्या दिवशी त्याच भावाशी भांडते, आणि मला ते भांडण ऐकत राहावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वीचा मे. ऊन मी म्हणत होतं. लेकीचा गट ओ निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी शिल्लक नव्हती. तिथल्या लोकांना मी दोष देत नाही, त्यांनीही चार ठिकाणी फोन लावले. शेवटी आमच्या भागातल्या एका स्वयंसेवी क्लबचा नंबर कुणीतरी दिला. हा क्लब एसटी स्टँडजवळ पाणपोई चालवतो, शाळेत वह्या वाटतो, एवढंच मला ठाऊक होतं. तासाभरात एक गृहस्थ मोटारसायकलवर आले. कृषी सेवा केंद्रवाले. पेरणीच्या तोंडावर बियाणं-खताची गर्दी असताना दुकानाचं शटर ओढून आले होते. तोंडाचा रुमाल सोडत म्हणाले, "ताई, लेकरू कुठंय?" रक्त दिलं तरी ते लगेच चढवता येत नाही. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, हिवताप अशा तपासण्या होतात, मग क्रॉसमॅच, म्हणजे ते रक्त लेकराच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं. पिशवी लागली तेव्हा रात्र झाली होती. ते गृहस्थ तोवर बाहेर बाकावर बसून होते.

त्यानंतर मी क्लबच्या बैठकीला गेले आणि जे शिकले होते ते मांडलं. साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी साधारण 35 दिवस टिकतात, खास द्रावण घातलेल्या पिशवीत 42 दिवस. म्हणजे 26 जानेवारीचं रक्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापुढं चालत नाही. 14 एप्रिलला आमच्याकडं फार मोठ्या मनानं रक्तदान होतं, पण तेही मे अखेरपर्यंतच पुरतं. आणि एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने, बाईला चार महिने थांबावं लागतं. अख्ख्या गावानं एकाच दिवशी दिलं, तर अख्खं गाव एकदमच थांबतं. त्यात कॉलेजला सुट्ट्या, लग्नसराई आणि हे ऊन. पैसे घेऊन रक्त देणं 1998 पासून बंद आहे, ते योग्यच आहे. पण मग आमच्यासारख्यांना आधार फक्त स्वेच्छेनं देणाऱ्यांचा.

क्लबनं ऐकलं. वर्षातून एकदाचं मोठं शिबिर बंद करून आता दर महिन्याला वीस-पंचवीस जणांचं छोटं शिबिर घेतात. मे महिन्यात सकाळी सातला सुरू करून दहाच्या आत आवरतात. बॅनर नाही, सत्कार नाही. जाडजूड वहीत गटवार नावं, फोन आणि मागच्या रक्तदानाची तारीख. पुरुषांचे तीन, बायांचे चार महिने भरले की फोन जातो. ही वही दोघी गृहिणी सांभाळतात, आणि माझ्या मते क्लबच्या सगळ्या कामांत हे काम मोठं आहे, भले त्याचा फोटो कुठं छापून येत नसेल.

मराठवाड्यातल्या सगळ्या क्लबांना, गणेश मंडळांना, जयंती समित्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारा, कोणत्या महिन्यात नड असते. गर्दी जमली तर निम्म्यांची नावं लिहून घ्या आणि त्यांना दीड महिन्यानं बोलवा. वय 18 ते 65, वजन 45 किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असलेल्या निरोगी माणसाला रक्त देता येतं. बायाबापड्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर त्यांना नुसतं परत पाठवू नका, औषधापर्यंत पोचवा. आणि लग्न ठरवताना पत्रिकेसोबत मुला-मुलीची थॅलेसेमियाची तपासणी करा. आम्हा दोघांना आपण वाहक आहोत, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी हा आजार लेकरांकडं जाऊ शकतो, हे लेक आठ महिन्यांची झाल्यावर कळलं.

आमच्या क्लबच्या वहीत ओ निगेटिव्हच्या पानावर चारच नावं आहेत. पाचवं कुणी असेल तर कृपया आपल्या जवळच्या रक्तपेढीत आजच नाव नोंदवा.

— एक आई, परभणी