कोऱ्या पावत्या आणि बुडालेली वॉरंटी

मा. संपादक,
स. न.

सिन्नरला तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात एक शेतकरी पाणबुडी मोटरचं बिल घेऊन आले. मोटर जळालेली, वॉरंटी अजून शिल्लक, पण बिलावरची तारीख, मॉडेल नंबर, रक्कम सगळं उडालेलं. "भाऊ, जरा डार्क काढून बघा ना," म्हणाले. मी काढून पाहिलं. कागदावर नुसते राखाडी डाग आले. मूळ बिल दाखवा, एवढंच दुकानदाराचं म्हणणं. हातात धरलेलं ते मूळ बिलच होतं!

इन्व्हर्टरची बॅटरी, फ्रीज, औषधांची बिलं, सगळ्यांची हीच गत. ही बिलं थर्मल कागदावर छापतात आणि त्यावर शाई नसतेच. त्याला रसायनाचा लेप असतो आणि प्रिंटरची उष्णता लागेल तिथे तो काळा होतो. नखाने जोरात घासलं तरी काळी रेघ उमटते, हीच त्याची ओळख. ऊन, उष्णता, तेलकट हात यांनी ही अक्षरं पुसट होत जातात. लोक बिचारे जपून ठेवायचं म्हणून मऊ प्लास्टिकच्या पाकिटात घालतात आणि तिथे ती आणखी लवकर जातात, कारण प्लास्टिक मऊ राहावं म्हणून घातलेली द्रव्यं त्या लेपाला लागतात. लॅमिनेशन करून मागणाऱ्यांना तर मी नाहीच म्हणतो. गरम रोलरमधून गेला की कागद काळाठिक्कर.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. मग वर्षभरात कोरं होणारं बिल देणं कशात मोडतं? फ्रीजच्या कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी द्यायची आणि बिल मात्र या कागदावर, हा ग्राहकावर सरळ अन्याय आहे.

शेतकऱ्याचं तर जास्तच अवघड. बियाण्याचं बिल, पिशवीचा टॅग आणि थोडं बी काढणीपर्यंत जपून ठेवा, असं कृषी विभाग दर खरिपाला सांगतो. ते योग्यच आहे. पण पत्र्याच्या घरात, खुंटीवरच्या पिशवीत ती पावती किती टिकणार?

माझी मागणी साधी आहे. वॉरंटीची वस्तू आणि बियाणं यांचं बिल साध्या कागदावर देणं शासनाने सक्तीचं करावं. तोवर कंपन्यांनी झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो ग्राह्य धरावा. वस्तूवरच्या सीरियल नंबरवरून पडताळणी त्यांना सहज करता येते.

वाचकांनीही पावती मिळाली त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवावा. ज्यांच्याकडे तसा फोन नाही, त्यांना बियाण्याच्या पावतीची झेरॉक्स मी या खरिपात फुकट काढून देणार आहे.

– एक झेरॉक्स दुकानदार, सिन्नर (जि. नाशिक)