बावीस मेणबत्त्या

प्रिय छकुली,
जय भीम.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहितो. आपला दसऱ्याचा कार्यक्रम झाला. सोयाबीनची सोंगणी अंगावर, मजूर मिळेना, तरी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. 16 ऑक्टोबरला धम्मदीक्षेच्या दिवसासाठी अर्धं गाव चंद्रपूरला जातं, म्हणून गावातली वंदना आपण अशोक विजयादशमीलाच घेतो.

यंदा बालवर्गाच्या पोट्ट्यांनी हट्टच धरला. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा, बावीस मेणबत्त्या. एकेकानं एक प्रतिज्ञा म्हणायची अन् मेणबत्ती स्वतः पेटवायची. मी सरळ नाही म्हटलं. का, ते तुला सांगायला नको. तिसरीत असताना तुझ्या वेणीची रिबीन पेटली, तेव्हापासून विहारातली काडेपेटी माझ्याच खिशात असते. लेकरांनी हात जोडायचे, लावायचं काम मोठ्यांचं, हा नियम माझाच. चौदा वर्षं कोणी काही बोललं नाही. या वेळी पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "काका, प्रतिज्ञा आमची अन् काडी तुमची, असं काऊन?" मला उत्तर सुचलं नाही.

तोड तुझ्या आईनं काढली. पळसाच्या पानांचे द्रोण केले, बुडाला भोक पाडून त्यात मेणबत्ती बसवली. गळलेलं मेण द्रोणातच राहतं, हाताला चटका नाही. पोरींच्या वेण्या वर बांधल्या, ओढण्या घरी ठेवायला लावल्या, दारात पाण्याच्या दोन बादल्या. पंखे बंद. घामानं जीव गेला.

त्रिशरण-पंचशील झालं, मग दीपपूजेची गाथा. 'घनसारप्पदित्तेन दीपेन तमधंसिना.' घनसार म्हणजे कापूर, तमधंसिना म्हणजे अंधार नाहीसा करणारा, हे महिनाभर घोकून घेतलं होतं, तरी अर्धे पोट्टे 'तमधंसिना'शी येऊन घसरलेच.

सतरावी प्रतिज्ञा, 'मी दारू पिणार नाही', आली नेमकी एका आठ वर्षांच्या पोराकडे. त्याचा बाप मागं खांबाला टेकलेला, लावूनच आलेला. जिल्ह्यात दारूबंदी 2015 ला आली, 2021 ला उठली. पोराला त्यातलं काय कळणार? बाप तेवढा कळतो. त्याच्या तीन काड्या विझल्या. माझा हात खिशाकडं गेला, तुझ्या आईनं डोळ्यांनीच दटावलं. चौथी पेटली. पोरानं मान वर न करता प्रतिज्ञा म्हटली, एकेक शब्द सुटा सुटा. बाप बाहेर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आपल्याच वावरात सोंगणीला आला होता. त्याबद्दल तोही बोलला नाही, मीही नाही.

मग आजीभोवती पोट्टे जमले. 1956 च्या 16 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा दिली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची. "बंडीनं गेलो. बाबासाहेब मले दिसलेच नाई, समोर माणसंच माणसं. आवाज तेवढा आला." हे तू शंभरदा ऐकलंस. पण एकानं विचारलं, "आजी, तुले प्रतिज्ञा समजल्या का?" तर म्हणते, "सगळ्या कुठं? घरी येऊन माह्या बाबानं देव नदीत सोडले, तवा समजलं."

हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत येताना जाड मेणबत्त्या आण. इथल्या बारीक, बाविसावी लागेपर्यंत पहिली संपत आली होती. अन् काडेपेटी मागायची राहिली. ती अजून त्या पाचवीतल्या पोरीकडंच आहे.

तुझा,
बाबा