घोडेस्वाराच्या छातीलाही संरक्षण हवे

महोदय,

कोल्हापुरात घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांना हेल्मेट घालायला लावले जाते, पण अंगात साधा टी-शर्टच असतो. घोड्यावरून पडल्यावर, किंवा पडलेल्याच्या अंगावर घोड्याचा पाय पडल्यावर, बरगड्यांना व आतील अवयवांना बसणारा मार फोमचे संरक्षक जाकीट काही अंशी सौम्य करते. म्हणूनच इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या तिहेरी स्पर्धेतील क्रॉस-कंट्री फेरीत (मोकळ्या रानातले अडथळे घोड्यावरून उडी मारून ओलांडण्याची फेरी) आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने ते सक्तीचे केले आहे. मानेचे रक्षण त्याने होत नाही आणि उन्हाळ्यात ते उकडते, हे मान्य. तरीही उड्या शिकणाऱ्या मुलांना प्रशिक्षण संस्थांनी ते द्यावे, आणि मापाचेच द्यावे (थोरल्या भावाचे नको), कारण सैल जाकीट पडताना वर सरकते. दसऱ्याच्या मिरवणुकीत संथ चालणाऱ्या स्वारांवर मात्र अशी सक्ती मला अनावश्यक वाटते.

– एक पालक, कोल्हापूर