दुसऱ्या पानावर मराठी फुटते

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचा पेपर आमच्या घरी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचला जातो, पण वेबसाइटवर मात्र सर्चच्या पहिल्या पानापुढं जाताच येत नाही म्हणून हे पत्र.

झालं काय तर, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पूर आलेला तेव्हा आमच्या थोरल्या भावाचा फोटो तुम्ही छापलेला, गुडघाभर पाण्यात, डोक्यावर टीव्ही. वहिनीनं जपलेलं ते कात्रण वाळवीनं खाल्लं. म्हटलं नेटवर असेल की. सर्चमध्ये ‘मलप्रभा’ टाकलं, २१४ बातम्या, पानाला २० म्हणजे ११ पानं, आणि ताजी बातमी आधी त्यामुळं २०१९ पार मागं. खाली २ वर दाबलं तर ‘काहीही सापडले नाही’, आणि वरच्या डब्यात मलप्रभा गायब, तिथं टक्के ई शून्य टक्के ए चार असलं लांबलचक शेपूट. तरी खाली ‘पुढे’ आहेच, ते दाबलं तर शेपूट आणखी वाढतंय!

गंमत म्हणजे नदीचं नाव इंग्रजीत टाकलं तर सगळी पानं उघडतात, बातम्या तेवढ्या भलत्याच.

भाचा कॉम्प्युटरचं काम करतो, त्यानं बघून सांगितलं. लिंकमध्ये मराठी अक्षर तसंच जात नाही, एकेकाचे तीन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याआधी टक्क्याचं चिन्ह लागतं. मलप्रभा म्हणजे काना आणि जोडाक्षरातलं हलन्त धरून ७ अक्षरं, त्याची लिंकमध्ये ६३ चिन्हं. इथवर ठीक आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी लिंक पाठवली की दिसतं ते हेच. पण तुमच्याकडं दुसऱ्या पानाची लिंक बनवताना तो आधीच बदललेला शब्द पुन्हा एकदा बदलला जातोय, म्हणजे प्रत्येक टक्क्याच्या पुढं २५ चिकटतंय आणि ६३ चे १०५ होतात. मग कसली मलप्रभा आणि कसलं काय. इंग्रजी अक्षरांना हे काही होतच नाही, त्यामुळं तपासणाऱ्यानं एखादा इंग्रजी शब्द टाकून बघितलं असेल तर त्याला सगळं बरोबरच दिसणार. मराठी पेपरची वेबसाइट मराठी शब्द टाकून बघायला नको का? आमच्याकडं आधीच बेळगाव, बेळगांव, बेळगावी असे तीन प्रकार, शोधणाऱ्याचा जीव तिथंच अर्धा जातो.

दुरुस्ती मोठी नाही म्हणतो तो. शब्द मूळ रूपात ठेवायचा आणि लिंक करताना एकदाच बदलायचा. आणि हो, वरती वर्ष निवडायची सोय दिलीय ना, तीही पान बदललं की पुसली जाते, लिंकमध्ये शब्दाबरोबर वर्षपण घ्यायला सांगा.

तोवर बाकीच्या वाचकांसाठी, वरच्या अ‍ॅड्रेसमधलं ते शेपूट खोडून तिथं सरळ मराठीत शब्द लिहायचा आणि पानाचा नंबर राहू द्यायचा. मी तसंच केलं. फोटो नवव्या पानावर मिळाला, फक्त खाली नाव चुलत्याचं छापलंय.

आपला,
एक जुना वाचक, खानापूर